डाळीवरचा झोपाळा

घर हलवायचंय, किती पडतील, असं विचारत माणसं आमच्या ओसरीवर येत, आणि आबा आकडा सोडून बाकी सगळं त्यांना विचारत. गल्लीत ट्रक शिरतो का? जिना सरळ आहे की वळणाचा? कपाट लोखंडी की लाकडी? कुंड्या नेणार का? तिकडं सामान उतरवून घ्यायला माणसं आहेत? आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखं, "निघायची घाई आहे का हो?" या शेवटच्या प्रश्नावर माणसं बिचकत. गाव किती लांब आहे हे त्यांनी सांगितलेलं असे. भाडं अंतरावर ठरतं, मग घाईचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. एवढ्या अंतराला एवढे पैसे, दुप्पट अंतराला दुप्पट. शाळेतल्या गणितात ट्रक नेहमी असेच धावत.

आबा ट्रकचे दलाल होते. स्वतःचा ट्रक त्यांनी कधी घेतला नाही. माल असलेल्याला ट्रक गाठून द्यायचा आणि ट्रक असलेल्याला माल, एवढाच धंदा. आमचं घर धुळ्याला, मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना कापतात त्याच्या जरा अलीकडे. पुढची खोली आबांची, मधली सगळ्यांची, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे मोकळी जागा, तिथे ट्रक उभे राहत. मला जाग यायची ती चाकांवर हातोडी मारल्याच्या आवाजानं. ड्रायव्हर एकेक चाक ठोकत पुढे सरकायचे. हवा नीट असली की आवाज भरीव यायचा, कमी असली की दबका. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओळखायचे, या गाडीचं मागचं डावं चाक बसणार. मागच्या दारातून डिझेलचा वास यायचा आणि चुलीवरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा. दोन्ही वास असे मिसळलेले होते की पुढे नोकरीच्या गावी नुसत्या भाकरीचा वास आला तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

आई शिरपूरकडची. घरात ती अहिराणीच बोलायची. आबा बाजारात छापील मराठी बोलत आणि घरात आले की मधूनच आईच्या बोलीत शिरत. मी पुस्तकात तोंड घालून बसणारी. घरात माझं बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. त्या ऐकण्यातूनच केव्हातरी मला कळलं, की अंतर आणि भाडं यांचं नातं मला वाटतं तसं नाही. केळीचा हंगाम चालू होता. जळगावच्या पूर्वेकडून केळीचे ट्रक भरभरून उत्तरेला निघाले होते आणि दिल्लीला बदली झालेले एक पोस्टातले गृहस्थ आबांसमोर बसले होते. आबांनी सांगितलेलं भाडं ऐकून ते उठूनच उभे राहिले.

"अहो, माझा साडू गेल्याच महिन्यात दिल्लीहून इकडे आला. त्याला याच्या निम्मेच पडले!"

"पडले असतील," आबा म्हणाले. "तो उतारानं आला. तुम्ही चढावर निघालात."

"चढ? दिल्ली काय डोंगरावर आहे?"

"बसा. चहा घ्या. आत्ता इथल्या प्रत्येक ट्रकला केळी मिळतेय. तुमचं सामान न्यायचं म्हणजे त्याला केळी सोडायला लावायची. केळीचं जे बुडालं ते तुम्ही भरायचं. तिकडून येताना मात्र तोच ट्रक रिकामा यायचा. त्याला डिझेलपुरतं मिळालं तरी खूश. तुमच्या साडूला तो ट्रक मिळाला. रस्त्याला उतार असतो, साहेब. डोळ्याला दिसत नाही, भाड्यात दिसतो. केळी संपेपर्यंत थांबाल का?"

त्या दिवशी मी शाळेचा नकाशा काढून बसले. त्यातले रस्ते लाल रेघांचे, सगळे सारखे, निश्चल. आबांच्या त्या एका वाक्यानं कागदाला जणू एका बाजूनं उचललं. केळी पिकली की सगळा देश उत्तरेकडे कलतो; कापूस निघाला की गिरण्यांच्या गावांकडे. आणि एखाद्या घराचा पलंग, कपाट, भांड्यांचं पोतं या उतारावरून घरंगळत जातं किंवा चढावर अडतं. कुठल्या तरी अनोळखी गावातल्या माणसांना काय खावंसं वाटतंय, यावर आमच्या गल्लीतल्या माणसाचं घर हलवायचं भाडं ठरतं. मला अंगावर काटा आल्याचं आठवतं. देवळात मला असं क्वचितच झालं असेल.

हे सगळं मी आत्ता लिहितेय त्याला कारण आहे. माझी मोठी बहीण, जिला मी जन्मभर अक्काच म्हटलं, ती या चैत्रात वारली. गुवाहाटीला. माझं आता जळगावला एकटीचं घर आहे, भिंती पुस्तकांनी भरलेल्या. अक्काच्या मुलानं फोन केला, म्हणाला, "मावशी, घर रिकामं करतोय. झोपाळ्याचं काय करू?" मी त्याला म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला काही नव्हतं.

तर झोपाळा. आमच्या मधल्या खोलीत तो टांगलेला होता. सातपुड्याकडचं सागवान, चोपड्याला एका लाकूडवाल्याकडून आबांनी आणलेलं. पितळी कड्या, कडीकडीला मोराचं नक्षीकाम. फळी इतकी रुंद की उन्हाळ्यात आई त्यावर आडवी होऊन निजायची. अक्काचं सगळं आयुष्य त्या फळीवर झालं म्हटलं तरी चालेल. ती तिथे अभ्यास करायची, तिथे रुसायची, तिथे बसून शेंगा सोलायची. तिला पाहायला आले तेव्हाही ती पाटावर न बसता सवयीनं झोपाळ्यावरच जाऊन बसली, आणि पाहुण्यांमधले जे पुढे माझे दाजी झाले ते इतके मोठ्यानं हसले की त्यांच्या आईनं त्यांना कोपर मारलं. लग्नात आबांनी तो झोपाळा तिला देऊन टाकला. आमच्या आढ्याला नुसते दोन हूक राहिले. आई म्हणायची, उघडे दिसतस, काहीतरी टांगा. आबांनी काही टांगू दिलं नाही.

अक्का-दाजींचा संसार जळगावला दोन खोल्यांत सुरू झाला. झोपाळा टांगल्यावर एका खोलीत दुसरं काही मावेना. आलेल्यानं भिंतीला घसटून जायचं. दाजी इंजिनियर होते. त्यांना गुवाहाटीला एका तेल कंपनीत चांगली नोकरी लागली, आणि आनंदाचे पेढे वाटून झाल्यावर घरात एक प्रश्न येऊन बसला. सामान कसं न्यायचं? दाजींच्या घरच्यांनी सरळ सांगितलं, विका. ट्रंका घेऊन आगगाडीनं जा, तिकडं नवं घ्या. दाजींनी आबांना विचारलं. आबांनी दाजींनाही तेच सगळे प्रश्न विचारले, जसे परक्याला विचारत, आणि मग भाडं सांगितलं. पलंग, कपाट, भांडी, झोपाळा सगळं विकून जे आलं असतं त्याच्या दुपटीहून ते जास्त होतं.

अक्का तेव्हा आमच्याकडेच आली होती. ती उठून मधल्या खोलीत गेली आणि त्या दोन हुकांखाली भिंतीला टेकून बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती तिथे दुपारभर बसली आणि आईनं चहा नेऊन दिला तर म्हणाली, "सगळं विका. झोपाळा विकायचा असेल तर मला कळू देऊ नका. मी गेल्यावर विका."

आईनं परत येऊन स्वयंपाकघरात कढई आपटली. "जगना संसार तुम्ही गावोगाव पोचाडतस," ती आबांना म्हणाली, "आन मनी पोरना संसार भंगारमा जाई का? कशाले ही दलाली?"

"पोरीला खोटं भाडं सांगू?"

"खोटं नका सांगू. कमी सांगा."

"कमी कुठून आणू? माझा ट्रक आहे का? एवढ्याशा सामानाला अख्खा ट्रक लागतो. घरसामान म्हणजे जागा खातं, वजन देत नाही. पलंगाखाली हवा, खुर्चीखाली हवा, कपाटात हवा. गुवाहाटीपर्यंत हवा वाहून न्यायचे पैसे द्यावे लागतात."

हे बोलणं चालू होतं तेव्हा दाजी ओसरीवरून आत आले होते. त्यांनी ते शेवटचं वाक्य धरलं. इंजिनियर माणूस, दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन टेप घेऊन बसले. मी त्यांच्याबरोबर गेले होते, टेपचं दुसरं टोक धरायला. आम्ही पलंग मापला, कपाट मापलं, मडकं ठेवायची तिवईसुद्धा मापली. दाजींनी कागदावर डबे काढून सगळं सामान एकात एक असं बसवलं: कपाटात भांडी, भांड्यांत कपडे, पलंग सोडवून फळ्यांचा गठ्ठा, झोपाळ्याची फळी सगळ्यात खाली. "हवा पुष्कळ काढली," ते आबांना दाखवत म्हणाले. आबांनी कागद बराच वेळ पाहिला. त्यांना आवडला होता, हे मला दिसलं. "चांगलं बसवलंत. पण अर्धा ट्रक उरतो. उरलेल्या अर्ध्यात माल कुणाचा? घरसामानाशेजारी माल द्यायला कुणी तयार होत नाही. सामान उतरवताना बायका विसरतात आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं."

"मी नही विसरस," आई आतून ओरडली.

त्या संध्याकाळी आई नवीन मुगाची डाळ भरत होती. जळगावच्या डाळ मिलमधून आलेलं पोतं फोडून मोठ्या पत्र्याच्या डब्यात ओतायचं काम चाललं होतं. डबा निम्मा भरला आणि आईनं मला म्हटलं, उचल, फळीवर ठेव. मला तो हलेना. मी सहज म्हटलं, "निम्माच भरलाय तरी एवढा जड? वर तर सगळा रिकामाच आहे." आणि मग, दिवसभर टेप धरल्यामुळे असेल, माझ्या तोंडून निघालं, "आबा, डाळीचा ट्रकपण असाच जातो का? वरून रिकामा?"

आबा भाकरी मोडत होते. म्हणाले, "हो. डाळीनं वजन आधी भरतं. हौदा निम्मा रिकामा राहतो. त्याच्यावर ताडपत्री ताणतात."

"म्हणजे तिथे हवाच जाते?"

"हवाच जाते. पण धान्यावर संसार चढवत नाहीत. वास लागतो." एवढं म्हणून ते थांबले. घास हातात राहिला. दाजी त्यांच्याकडे बघत होते आणि ते डब्याकडे. मग आबा उठले, हात धुतला, तो डबा स्वतः ओढून मधे घेतला आणि डाळीवर दुलई घडी करून ठेवली. तिच्यावर वाट्या, वाट्यांवर माझं एक पुस्तक. झाकण लावलं. झाकण बसलं. त्यांनी डबा उचलून पाहिला. डबा आधी होता तेवढाच जड होता म्हणा ना. चुलीच्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त, ग्रंथालयातल्या नोकरीत, काही वाचकांच्या चेहऱ्यावर पाहिलं, पुस्तकातलं एखादं पान वाचून मान वर करताना.

"तिकडे आत्ता चहा निघतोय," ते दाजींना म्हणाले, जणू दोघे कधीपासून याच विषयावर बोलत होते. "ट्रकवाले परतीच्या चहासाठी तिकडे जायला टपलेत. बंगाल-आसाममध्ये मूग खातात. इथे मूग नवा आलाय. दिवाळीच्या आत निघालं तर उतार तिकडेच आहे."

जळगावच्या ज्या डाळ मिलचे शेठजी आबांना अनेक वर्षं ट्रकला माल देत, ते राजस्थानातून आलेल्या घराण्यातले. आजोबांनी दुकान टाकलं, यांनी मिल. आबांनी त्यांच्यापुढे प्रस्ताव मांडला तेव्हा मी तिथे होते, अक्काही होती.

"थोडी पोती कमी भरा," आबा म्हणाले, "म्हणजे काट्यावर वजन जास्त व्हायचं नाही. वरच्या जागेचं भाडं माझे जावई देतील. तुमचं तेवढं वाचेल."

शेठजींनी पान तोंडात धरूनच हिशोब केला. मग डोळे बारीक करून म्हणाले, "म्हणजे आबा, इतकी वर्षं मी हवेचं भाडं देत होतो?"

"देत होता."

"आणि तुम्ही घेत होता?"

"दलाली घेत होतो. हवा ट्रकवाल्याची."

शेठजी इतके हसले की त्यांना पान थुंकायला उठावं लागलं. परत आले ते गंभीर होऊन. "हे बघा, डाळ म्हणजे तान्हं पोर. शेजारी जे असेल त्याचा वास घेतं. रॉकेल नको, स्टोव्ह नको, डांबराच्या गोळ्या नकोत, तेल तर नकोच. तिकडच्या व्यापाऱ्यानं पोतं उघडलं आणि त्याला तुमच्या घराचा वास आला, तर माझी डाळ परत येईल."

"कशालाच वास नसेल," आबा म्हणाले. "शब्द माझा."

बाजारात या दोन शब्दांवरच आबांचं घर चाललं होतं. ते सहज देत नसत.

मला त्या काळातली आई आठवते ती सतत पुसताना. अक्काचं सगळं सामान तिनं उन्हात घातलं. स्टोव्ह शेजारणीला दिला, कपाटातल्या गोळ्या वेचून काढल्या, झोपाळ्याची फळी राखेनं घासली, चिंचेनं कड्या घासल्या. माल भरायच्या दिवशी ती धुळ्याहून बट्ट्या घेऊन आली. हमालांना, ड्रायव्हरला, सगळ्यांना जेवायला दाल-बट्टी. दाजी पुढे निघून गेले होते, अक्का मागाहून आगगाडीनं जाणार होती. मिलच्या आवारात सगळ्या हवेत डाळीची पिवळी धूळ होती. अक्काच्या केसांवर, आबांच्या भुवयांवर ती बसलेली. पोती रचून झाली. त्यावर ताडपत्री, मग गाद्यांच्या वळकट्या आणि त्यांवर झोपाळा ठेवायचा, म्हणजे फळी घासणार नाही, असं दाजींनी नव्या कागदावर काढून दिलं होतं. शेवटची वळकटी वर देणाऱ्या हमालानं खाली उतरून हात पुसायला पोत्याला टेकवला आणि त्या पोत्यावर एक पिवळाजर्द पंजा उमटला. हळद आणि तेल.

आबांनी तो पंजा पाहिला. त्यांनी हमालाचा हात धरून वास घेतला. मग वळकटी खाली मागवली आणि सोडली. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कैरीच्या लोणच्याची बरणी होती. तिच्या तोंडावरचा कापडी दादरा सुटला होता.

आवारात गिरणीचा आवाज चालू होता. आई हळूच म्हणाली, "लोणचं नही ऱ्हायनं त् पोर तठे काय खाई? तठे त् नुसता मासाच खातस."

आबा हमालांकडे वळले. बाजारात कधीही न वापरलेल्या बोलीत ते हमालांना म्हणाले, "बठ्ठं उतारा."

"आबा," अक्का म्हणाली, "झोपाळ्याला कसला वास आहे?"

"शब्द सगळ्या सामानाचा दिला होता."

हमालांनी ताडपत्रीचं टोक धरलं. अक्का झोपाळ्याच्या फळीपाशी उभी होती. फळी आवारात भिंतीला टेकवून ठेवली होती, कड्या पोत्यात बांधलेल्या. तिनं फळीवर हात ठेवला, अंगणात गाय विकायला काढल्यावर बायका तिच्या पाठीवर ठेवतात तसा. तेवढ्यात ऑफिसातून शेठजी आले. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते बरणीपाशी वाकले, मग त्या पंजाच्या पोत्यापाशी, मग आबांच्या शेजारून हौद्याच्या मागच्या फाळक्याशी गेले आणि नाक पुढे करून चांगला श्वास घेतला.

"हे पोतं काढून माझ्या घरी पाठवा," ते हमालांना म्हणाले. "गाद्या खाली. बाकीचं चढवा."

"शेठजी, शब्द गेला," आबा म्हणाले. "चढवायचं नाही."

"आबा, वास कुणाच्या डाळीला लागायचा? माझ्या. मग नाक कुणाचं चालणार? तुम्ही भाडं ठरवा, वास मी ठरवतो." मग हमालांवर ओरडले, "बघता काय? गाद्या गेल्या तर ती फळी घासेल. मागचं रिकामं बारदान आणा, जाड जाड बघून. कोरं आणा, तेलाचं आणाल आणखी!"

आबांनी विचारलं, "बारदानाचं किती?"

"परतीला चहा आणाल तेव्हा पाजा." आणि आईकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, "वहिनी, लोणचं कैरीचंच ना? मग आता उघडलंच आहे तर..."

त्या दिवशी मिलच्या आवारात, पोत्यांच्या सावलीत, आम्ही सगळ्यांनी दाल-बट्टी आणि ते लोणचं खाल्लं. आई कुणाकडे न पाहता वाढत होती. आबांनी लोणचं घेतलं नाही. शेवटी अक्कानं स्वतःच्या ताटातली फोड उचलून त्यांच्या ताटात ठेवली, आणि ती त्यांनी खाल्ली.

ट्रक निघाला तेव्हा वरच्या ताडपत्रीखाली सामानाचा उंचवटा दिसत होता. ड्रायव्हर होता सुकलाल, आमच्याच शिरपूरकडचा. मी फाटकात उभी राहून तो वळेपर्यंत पाहत होते. मला वाटलं होतं मला अक्काचा विचार येईल. आला तो वेगळाच. खाली डाळ होती, आम्ही कधी न पाहणाऱ्या माणसांची, कितीतरी घरांतली जेवणं. आणि त्या जेवणांवर पाठ टेकून आमचा झोपाळा निघाला होता. ती माणसं तिकडे मूग खातात, इकडे माणसं सकाळी उठून चहा पितात, एवढ्यावर माझ्या बहिणीचा संसार तरला. यांपैकी कुणालाही ती माहीत नाही. देशभर पसरलेल्या या भुकेला आणि तहानेला तिचं काही देणंघेणं नाही, तरी त्या भुकेनंच तिला उचलून नेलं. भाडं म्हणजे एक आकडा, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

मग आमच्या घरात वाट पाहणं सुरू झालं. अक्का आगगाडीनं गेली. आबा रोज चाकं ठोकल्याचा आवाज आला की मागच्या दारात जात आणि परत येत. दिवाळी झाली. आई फराळाचं करताना मधेच थांबून "डाळले वास लागना व्हई का?" म्हणायची. एका दुपारी मी अभ्यास करत होते, आणि डिझेल व भाकरीच्या वासात एक तिसराच वास आला. कोरडा, हिरवट, पावसानंतर सुकलेल्या पानांसारखा. मी मागे धावले. सुकलाल ट्रकमधून उतरत होता. हौद्यात चहाच्या पेट्या होत्या, आणि तो सगळाच्या सगळा, टायरपासून टोपीपर्यंत, चहाचा वास घेऊन आला होता.

आबांनी पहिला प्रश्न विचारला तो, "डाळीला वास?"

"नही, आबा. येपारीनी पोतं फोडं, हातमा लिधं, नाकले लावं, काय बोलनाच नही."

आबांनी डोळे मिटले. मग आईनं मागून विचारलं, "आन झोपाळा?"

"पोचना. मीच टांगा," सुकलाल म्हणाला. "अक्काबाईनी माले वर बसाडं, चहा पाजा. मी म्हनं, बाई, मी मळेल शे. ती म्हने, बस, तू मना माहेरहून येल शे."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. आबा ओसरीवर न जाता मधल्या खोलीत आले आणि त्या दोन हुकांखाली जरा वेळ उभे राहिले, वर बघत. दुसऱ्या दिवशी चहाचं एक पुडकं घेऊन ते जळगावला गेले, शेठजींना चहा पाजायला. त्यानंतर कित्येक घरं त्या मिलच्या डाळीवरून पूर्वेला गेली. प्रत्येक वेळी शेठजी फाळक्याशी येऊन वास घेत, आणि प्रत्येक वेळी विचारत, "लोणचं नाही ना? नाही? अरेरे."

आबा, आई, शेठजी, तिघेही आता नाहीत. धुळ्याचं घर रस्ता रुंद झाला त्यात गेलं, हुकांसकट. मागच्या आठवड्यात मी गवंड्याला बोलावून या घराच्या छताला दोन हूक बसवून घेतले. पुस्तकांचं एक कपाट बाहेर काढावं लागलं. मग भाच्याला सांगितलं, पाठव. तो म्हणाला, "मावशी, भाड्यात नवा येईल. दोन येतील." त्यानं एका सामान हलवणाऱ्या कंपनीला माझा नंबर दिला. काल त्यांच्याकडून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण, घाईचा. मजला कितवा, लिफ्ट आहे का, फळीचं माप काय, विमा हवा का, असं सगळं तिनं ओळीनं विचारलं. मी कान देऊन ऐकत होते. गल्लीत गाडी शिरते का, हेही विचारलं तेव्हा मला तिचा हात धरावासा वाटला.

"मॅडम, निघायची घाई आहे का?" ती म्हणाली. "नसेल तर परतीच्या गाडीत जागा बघते. खूप कमी होईल. पण थांबावं लागेल."

"थांबते," मी म्हटलं. "गाडीत काय असेल?"

तिला हा प्रश्न बहुतेक कुणी विचारला नव्हता. ती कुठेतरी बघून आली. "चहा आहे, मॅडम. म्हणूनच विचारायचं होतं. तुमच्या सामानात तेलकट, वासाचं असं काही नाही ना? त्यांना चालत नाही."

मी मान वर करून नव्या हुकांकडे पाहिलं. अक्का गेल्यापासून मी रडले नव्हते.

"मॅडम? आहात ना?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही. आता लपवून ठेवणारं कुणी राहिलं नाही."